मचूळ विहीर, लालभडक नकाशा: वाचकांचे प्रश्न

वसई: वाडीतली विहीर गोड आहे, पण शेजारच्या 70 फुटी बोअरला मे महिन्यात मचूळ पाणी येतं. बोअर आणखी खोल मारू का?

मुळीच नको. वाळूच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं, त्याच्या साधारण 40 पट समुद्रसपाटीच्या खाली. उन्हाळ्यात भूजल समुद्रसपाटीहून अर्धा मीटर वर असेल तर खारं पाणी समुद्रसपाटीखाली साधारण 20 मीटरवर, म्हणजे 65 फुटांवरच लागतं. पातळी 10 सेंटिमीटरने उतरली की हिशेबाने खारं पाणी चार मीटर वर चढतं. त्यात मोठा पंप तासन्‌तास चालला की बोअरखालचं खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. बोअरचा तळ सिमेंटने बुजवा, पंप लहान बसवा, थांबून थांबून चालवा. आणि बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) बुजवू नका. पावसाचं पाणी तिथूनच मुरतं. काळ्या कातळात मात्र हा हिशेब चालत नाही, तिथे भेगा नेतील तिकडे पाणी जातं.

पाणी तपासताना नायट्रेटही बघा. खारेपणा दाखवणाऱ्या क्लोराइडबरोबर तेही वाढलं असेल तर दोष समुद्राचा नसून शौचखड्ड्याचा असू शकतो.

मुंबई, भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी: गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा गॅल्डिट नकाशा केला (सहा घटकांना गुण देऊन भूजलात खारं पाणी शिरण्याचा धोका दाखवणारा). किनाऱ्याला समांतर लाल पट्टे आले, पण विहिरींचे नमुने जुळत नाहीत.

तुम्ही अंतर फक्त समुद्रकिनाऱ्यापासून मोजलेलं दिसतं. त्रिभुज प्रदेशात खारं पाणी नदीच्या फाट्यांमधून आणि नाल्यांमधून आत शिरतं. भरती जिथवर चढते तिथवरचे काठ रेषेत घ्या आणि अंतर तिथून मोजा.

खरी गोची पातळीत आहे. गॅल्डिटच्या सहा घटकांपैकी अंतर आणि भूजलपातळी या दोघांनाच 4 भार (बाकीचे 1, 3, 1, 2, एकूण 15), आणि पातळीचे वर्ग अर्ध्या-अर्ध्या मीटरचे. उपग्रहाच्या उंचीनकाशात काही मीटरची चूक असते, खारफुटीत तर तो झाडाचे शेंडे जमीन म्हणून दाखवतो. त्यातून विहिरीची खोली वजा केली की उत्तराला अर्थच उरत नाही. विहिरीच्या कठड्याची उंची लेव्हलिंग करून (ठाऊक उंचीच्या खुणेपासून मोजत) घ्या. जीपीएसची उंची तशीच वापरू नका: मुंबईत ती आणि समुद्रसपाटी यांत 60 मीटरहून अधिक फरक पडतो, जिऑइडची, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाची, दुरुस्ती लागतेच.

खारं पाणी आधीच किती शिरलंय हे दाखवणारं क्लोराइड-बायकार्बोनेट गुणोत्तर मिलिग्रॅममध्ये काढलं असेल तर तेही चुकलं. क्लोराइडला 35.45 ने, बायकार्बोनेटला 61 ने भागा, मग गुणोत्तर काढा. कोळंबीच्या तळ्यांजवळचे नमुने वेगळे ठेवा. तिथे खार वरून मुरते आणि गॅल्डिटला ती दिसत नाही.

ठाणे: गॅल्डिट नकाशात 2100 साठी समुद्र किती वर धरायचा?

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) सहाव्या अहवालात जास्त उत्सर्जनाला जागतिक सरासरी वाढ 0.63 ते 1.01 मीटर आहे. त्यात जमीन खचण्याची स्थानिक भर स्वतंत्र घाला. भूजलपातळीचा घटक तेवढ्याने कमी करा, किनारारेषाही आत सरकवा. फक्त रेषा सरकवून थांबणारे नकाशे फार दिसतात.

उरण: उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप नवी बसवली, तरी खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) खारं पाणी येतं.

ओहोटीला झडपेच्या कडेला अडकलेला काडीकचरा काढा. मग भरती टिपेला असताना बांधाच्या आतल्या पायथ्याशी चालत जा. ओल किंवा बुडबुडे दिसले तर तिथे खेकड्यांची बिळं असणार. तेवढा भाग खणून चिकणमातीने थराथराने धुमसा.