एक आकडा बदलताना

पुणे

तुला अनेक आशीर्वाद.

परवा चहा पिताना तू विचारलंस, पेनेट्रेशन टेस्टिंग (परवानगी घेऊन सिस्टीममधली भोकं शोधणं) शिकायचंय, क्लास कुठला लावू? मी घाईत होतो, धड बोललो नाही. म्हणून हे पत्र. दोन महिन्यांत हॅकर बनवून देतो म्हणणाऱ्या कुणाकडे एवढ्यात फी भरू नकोस.

आधी एक काम कर. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान समोर येईपर्यंत काय काय घडतं, ते कागदावर लिही. डीएनएस साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, कसा शोधतं, टीसीपीत दोन यंत्रांची जोडणी होताना आधी सिन, मग सिन-अ‍ॅक, मग अ‍ॅक का लागतं, ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) माहिती कूटबद्ध करणारं टीएलएस काय करतं. मग नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क लाव आणि ती तीन पॅकेट स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ती ओळखीची झाली की एनमॅप हे टूल एखादं पोर्ट उघडं आहे असं कशावरून म्हणतं, हे कुणी सांगावं लागणार नाही. काली लिनक्स या सुरक्षा तपासणीसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शेकडो टूल्स आयती मिळतात. टूल चालवता येणारी मुलं मुलाखतीला खूप येतात. त्याने दिलेलं उत्तर वाचता येणारी फार थोडी.

आपल्या कॉसमॉस बँकेचंच बघ. ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून. कार्डाच्या व्यवहाराला होकार-नकार देतो तो बँकेचा स्विच. त्याच्या जागी चोरांचा खोटा स्विच होकार देत होता. व्यवहार कुठून निघतो आणि कुठे थांबतो, याची पक्की माहिती असल्याशिवाय असं जमत नाही. मग बचाव करणाऱ्याला ती कमी असून कसं चालेल?

लॅब घरीच उभी कर. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) एकीकडे काली, दुसरीकडे मुद्दाम भोकं ठेवलेलं सरावाचं वेब ॲप, डीव्हीडब्ल्यूए किंवा ओवॅस्पचं ज्यूस शॉप. नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅपटॉपपुरतंच, ठेव, नाहीतर ती भोकं घरच्या वायफायवर उघडी पडू शकतात. राउटर उघडून बघायचा असेल तर जुन्या बाजारातून एखादा जुना आण, घरातल्याला हात लावू नकोस. वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे आणि खरोखर उत्तम आहे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते. मी तुझ्याच वयाचा असताना आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट एका लॅबने ऑनलाइन पाठवला. लिंकच्या शेवटी एक क्रमांक होता. ब्राउझरची रिक्वेस्ट अडवून बदलता येणारं बर्प सूट नुकतंच शिकलो होतो. रिक्वेस्ट त्याच्या रिपीटरमध्ये घेतली, शेवटचा आकडा एकाने वाढवला आणि सेंड दाबलं. एका अनोळखी बाईंचं नाव, वय आणि शुगर समोर आली. मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही, खात्री करायची म्हणून आणखी आठ-दहा रिपोर्ट उघडले. नंतर लॅबला फोन केला तर पलीकडचा माणूस पोलिसांचं नाव घेऊ लागला. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज वाटतं, त्याचं चुकलं नव्हतं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. त्यात अप्रामाणिक हेतू दिसला तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा मला त्या बाईंचा शुगरचा आकडा जास्त टोचतो. तो मला अजून पाठ आहे, आणि तो वाचायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

असं काही सहज नजरेस पडलं तर तिथेच हात काढ. दुसरा आकडा टाकून बघू नकोस. कंपनीला कळव, ती दाद देत नसेल तर सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था अशा त्रुटींची माहिती घेते. बग बाउंटीत (त्रुटी शोधून कंपनीकडून बक्षीस मिळवणं) उतरलीस तर आधी स्कोप, म्हणजे काय तपासायची परवानगी आहे ते, वाच, शब्द न शब्द. क्लायंटच्या कामात कुठले आयपी, कुठल्या तारखा, काय करायचं नाही, काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा, हे सगळं सहीनिशी हातात आल्याशिवाय मी यंत्र जागं आहे का विचारणारा साधा पिंगसुद्धा टाकत नाही.

सर्टिफिकेटचं नंतर बघू. एवढंच ध्यानात घे, ओएससीपी या सर्टिफिकेटच्या परीक्षेत यंत्रांवर २३ तास ४५ मिनिटं मिळतात आणि नंतर नुसता अहवाल लिहायला वेगळे २४ तास. क्लायंटच्या हातात शेवटी तो अहवालच पडतो.

रविवारी घरी ये. वायरशार्कमध्ये पकडलेल्या त्या तीन पॅकेटांची फाईल आण, आणि ज्यूस शॉपमधल्या एका त्रुटीवर पानभर अहवाल: कुठे आहे, पुन्हा कशी घडवून बघायची, दुरुस्त कशी करायची. ज्या डेव्हलपरला ती दुरुस्त करावी लागणार आहे, त्याच्या जागी बसून मी तो वाचीन.

तुझा,
काका