करड सुकलं, आता काय? वणव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गोव्यात फेब्रुवारी लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. काजूला बोंडं धरायला लागलेली असतात, सड्यावरचं (खडकाळ माळावरचं) करड, म्हणजे वाळकं गवत, पिवळं होऊन नुसतं काडी लावायची वाट बघत असतं, आणि संध्याकाळी कुठून ना कुठून धुराचा वास येतोच. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत, बाकी जसेच्या तसे.

प्रश्न: आमचं घर सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मागे काजूचं भाट (बागायत), त्याच्या वर जंगल. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा रात्रीचा डोंगर लाल दिसायचा. आमच्यापर्यंत आली नाही पण तेव्हापासून मार्च आला की जीव घाबरतो. घर वाचवायला आपण काय करू शकतो की सगळं देवावर सोडायचं?
(गृहिणी, सत्तरी)

ताई, देवाला सांगायचं ते सांगा पण आधी मागच्या पडवीत जाऊन बघा तिथे काय काय रचून ठेवलंय. लाकडं, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, वाळलेली चुडतं (माडाच्या झावळ्या), रिकामी पोती, हो ना? आपल्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सवय अशी की पावसाआधी सगळा लाकूडफाटा घराच्या भिंतीला टेकवून ठेवायचा म्हणजे भिजणार नाही, आणि नेमके तेच महिने वणव्याचे. घर बहुतेक वेळा उडून आलेल्या ठिणगीने पेटतं, ती ठिणगी पडते अशा ढिगावर नाहीतर कौलाखाली साठलेल्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांत. मोठी ज्वाळा येऊन भिंतीवर आदळते वगैरे असं क्वचितच होतं, चिऱ्याच्या भिंतीचं तर ती फार काही बिघडवू पण शकत नाही.

म्हणून पहिलं काम घराला लागून असलेल्या पाच फुटांचं. तिथे जळेल असं काही नको, नुसती माती, चिरे, लादी असेल तर उत्तम. लाकडं निदान तीस फूट लांब न्या आणि वर पत्रा टाका, मे संपताना परत आत आणा, त्रास आहे पण एवढा एकच त्रास आहे. मग कौलं. मंगळुरी कौलांच्या फटीतून ठिणगी सहज आत जाते आणि वाशांवर जो पातेरा, उंदरांनी आणलेला कचरा, जुनी घरटी असतात त्यात धुमसत राहते, बाहेरून कळत पण नाही. कौलं चाळायला माणूस आपण मेमध्ये बोलावतो, तो जानेवारीत बोलवा आणि दोन छपरं मिळतात तिथली खाच आणि पन्हाळ साफ करून घ्या. पाडेली नारळ काढायला येईल तेव्हा त्याला लोंबणारी सुकी चुडतं पण उतरवायला सांगा, दोन पैसे जास्त मागेल ते द्या, कारण पेटलेलं चुडत वाऱ्याबरोबर कुठे जाऊन पडेल काही नेम नाही.

त्यापुढच्या तीस फुटांत करड कापलेलं हवं, घोट्याच्या वर नको. झाडं तोडायची अजिबात गरज नाही, उलट आंबा-फणसाची हिरवी सावली असली की खालची जमीन ओलसर राहते. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीलगत पातेरा खात खात पुढे सरकतो, ज्वाळा गुडघा-कमरेएवढी, त्याला वाटेत दोन-तीन मीटर मोकळी माती मिळाली की बऱ्याचदा तिथेच मरतो. वनखातं जाळरेषा काढतं ते याच हिशोबाने. फक्त गवत कापायचं ते डिसेंबरपर्यंत कापा. मार्चच्या दुपारी ग्रास कटर चालवू नका, पातं दगडावर घासून ठिणगी उडते आणि आग विझवायच्या तयारीतूनच आग लागते.

तुमचं घर पायथ्याशी आहे हे एका अर्थी बरं, आग चढावर जोरात धावते आणि उतारावर सावकाश येते. पण दुपारचा समुद्राकडचा वारा रात्री पडतो आणि मग डोंगरावरून खाली हवा यायला लागते, शिवाय जळके ओंडके गडगडत खाली येतात. त्यामुळे दिवसा वर गेलेली आग गेली असं समजून झोपू नका, मागच्या बाजूला कोणीतरी जागं राहायला हवं.

प्रश्न: काजूच्या झाडाखालचा पातेरा जाळल्याशिवाय बिया दिसत नाहीत. आमचे आजोबा पण जाळायचे, तेव्हा कुठे असे वणवे लागायचे? आता काही झालं की बोट बागायतदाराकडे. हे बरोबर आहे का?
(बागायतदार, धारबांदोडा)

सगळं तुमच्यावर ढकलणं बरोबर नाहीच. रस्त्याकडेला कचरा पेटवणारे आहेत, मध काढायला जाऊन चूड तशीच टाकणारे आहेत, सिगरेट फेकणारे पिकनिकवाले आहेत, विजेच्या तारा एकमेकींवर घासतात त्याच्या ठिणग्या आहेत. पण एक गोष्ट कबूल करूया, आपल्या दमट जंगलात मार्चमध्ये आग आपोआप लागत नाही, कुठेतरी माणूस असतोच.

आजोबांचं म्हणाल तर त्यांच्या वेळेला चार घरची माणसं टाळ, म्हणजे पानांसकट हिरव्या फांद्या, घेऊन भाटाच्या चारी बाजूंनी उभी राहायची, विझेपर्यंत कोणी हलायचं नाही. सड्यावर गुरं चरायची म्हणून करड एवढं वाढायचंच नाही. आता गुरं कमी झाली, शेजारचं भाट मुंबईवाल्याचं किंवा कोर्टात अडकलेलं, त्यात रानमोडीचं तण माजलेलं, ते सुकलं की पेट्रोलसारखं जळतं, आणि काडी लावायला माणूस एकटा, त्याच्या पण हातात मोबाईल. आजोबांची काडी तेवढी आपण घेतली, बाकीची माणसं मागेच राहिली.

कायदा पण माहीत असू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३०, अभयारण्यात आग लावणं किंवा अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटती सोडणं गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे. तुमचं भाट खाजगी असलं तरी तिथली आग हद्द ओलांडून गेली की "मी माझ्या जागेत लावली" हे चालत नाही.

आणि खरं सांगू का, जाळण्याने काजूचंच नुकसान. त्याची अन्न घेणारी बरीच मुळं वरच्या थरात पसरलेली असतात, ती भाजतात, वरचा खतासारखा पातेरा जातो आणि जूनच्या पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. त्यापेक्षा बिया पडायच्या आधी झाडाखाली दाताळ्याने पातेरा ओढून उताराला आडवे बांध घाला, फक्त बुंध्याला टेकवू नका. बिया दिसतात, ओल टिकते. मजुरी लागते हे मान्य, गडी मिळत नाहीत हे पण मान्य. दोन-तीन भाटकारांनी मिळून एकच टोळी आठवडाभर फिरवली तर परवडतं. फेणीची भट्टी लावत असाल तर तिच्याभोवतीची जमीन आधी झाडून घ्या, चुलीतला निखारा पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत विझवा. वरून राख दिसली म्हणजे विझला असं होत नाही.

प्रश्न: घरी आई, वय ८० च्या वर, दमा आहे. रस्ता एकच आणि अरुंद. आग जवळ आली तर थांबायचं की निघायचं? आणि धुराचं काय?
(सांगे तालुक्यातून)

अशा घराने सगळ्यात आधी निघायचं, शेजारी निघायची वाट बघायची नाही. पलीकडच्या डोंगराला आग दिसली आणि वारा आपल्याकडे असेल तर आईला चार दिवस मडगावला किंवा फोंड्याला नातेवाईकांकडे पाठवा. काही झालं नाही तर जेवून-खाऊन परत येईल, त्यात लाज कसली. औषधं, इन्हेलर, आधार, रेशनकार्ड, जागेचे कागद एका पिशवीत मार्चभर दाराशी टांगून ठेवा. गाडीचं तोंड रस्त्याकडे. निघताना गॅस सिलिंडर बंद, खिडक्या बंद, गोठ्यातली गुरं सोडून द्या, बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतं. अंगात सुती कपडे, नायलॉनचा गाऊन नको, तो वितळून कातडीला चिकटतो.

धुरातले बारीक कण ओल्या रुमालाने अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो, तो पण नाकाशी घट्ट बसला तरच. कौलारू घराच्या फटीतून धूर येतच राहणार, दारं लावून फारसा उपयोग नाही, म्हणून पण आईला लांब पाठवा म्हणतोय.

रस्ताच बंद झाला तर जंगलात पळू नका आणि चढावर तर नकोच. वायंगण (उन्हाळी भाताचं ओलं) शेत, ओलं कुळागर (पोफळीची बाग), नाहीतर गावचं फुटबॉल ग्राउंड, यातलं तुमच्या घराजवळ काय आहे ते आजच चालत जाऊन बघून ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट, तूप, हळद काही लावायचं नाही. फोन ११२, अग्निशमन १०१, ॲम्ब्युलन्स १०८. हे दाराच्या मागे खडूने लिहा कारण गडबडीत आकडे आठवत नाहीत.

प्रश्न: आम्ही गावची पोरं टाळ घेऊन विझवायला जातो. हे बरोबर करतो का? २०२३ मध्ये तर हेलिकॉप्टर आणावी लागली होती.
(काणकोणचा एक तरुण)

बरोबर करता, पण आग कमरेखाली असेल तोवरच. आधी वनखात्याला किंवा १०१ ला कळवा, मग जा. नौदल आणि हवाई दलाने बादल्या टांगून पाणी टाकलं ते खरं, पण हेलिकॉप्टर डोक्यावरून पाणी टाकून जातं, नंतर पातेऱ्याखाली धुमसणारं विझवायला खालून चालत माणूसच लागतो. कधीच आगीच्या वरच्या बाजूला, म्हणजे चढावर उभं राहू नका. जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यातून काम करा, अंगावर आली तर मागे हटायला तीच जागा. बाजूने सुरुवात करून टोकाकडे जा, समोरून अंगावर घेऊ नका. टाळ आपटायचा नाही, दाबून धरायचा, आपटलात की ठिणग्या उडून चार ठिकाणी लागते. पायात चप्पल घालून जाणाऱ्याला घरी पाठवा, आणि रिळं काढणाऱ्याला पण.

प्रश्न: सॅटेलाइटवरून आगीचे मेसेज येतात म्हणे, ते आपल्याला मिळतात का?
(वाचक, पेडणे)

मिळतात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या साइटवर मोबाईल नंबर नोंदवला की निवडलेल्या भागातल्या आगीचा मेसेज येतो, नोंदणी कोणीही करू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठराविक वेळेलाच डोक्यावरून जातात, मधल्या वेळेत लागलेली आग त्यांना उशिरा कळते, आणि मोठी भट्टी किंवा पेटवलेलं शेत पण त्यांना आगच वाटते. म्हणून मेसेज आला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी त्या बाजूच्या कोणाला तरी फोन करून विचारा. तुमच्या मोपाच्या सड्याच्या बाजूला तर मेसेजच्या आधी धूरच दिसेल.