खोल समुद्रातली लाल कोळंबी आपल्या ठाणे खाडीत का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात राहणाऱ्या एकांच्या भावाने नॉर्वेहून गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट आणलं, त्यावर 'पँडेलस बोरियालिस' असं नाव होतं. ही कोळंबी आधी नर आणि मग मादी होते हे खरं का? ती न शिजवताच लाल कशी? आणि आपल्या खाडीत किंवा शेततळ्यात ती का होत नाही?

नर-मादीचं खरं आहे. ही कोळंबी बहुतेक ठिकाणी आधी नर म्हणून वयात येते, एखाद-दोन हंगाम नर म्हणून काढते, मग तिची जननेंद्रियं बदलतात आणि पुढचं सगळं आयुष्य ती मादी असते. काही भागांत थेट मादी म्हणूनच वयात येणाऱ्याही सापडतात, पण त्या थोड्या. यामागचा हिशोब सरळ आहे. शुक्राणू तयार करायला लहान शरीर पुरतं, अंड्यांना मात्र अंगात जागा लागते, म्हणून आकार वाढला की मादी होण्यात फायदा. अभ्यासक तिला उलटी करून पोटाखालच्या पोहण्याच्या पायांची पहिली जोडी बघतात. त्या पायांच्या आतल्या फाट्याच्या आकारावरून ती नर आहे, मादी आहे की मधल्या अवस्थेत आहे, ते कळतं.

आता माझं मत. पुस्तकांत हिला खोल पाण्यातली कोळंबी म्हणतात, पण मला विचाराल तर ही थंड पाण्यातली कोळंबी आहे. खोली ही त्या थंडीच्या मागे मागे येते. उत्तर अटलांटिकमध्ये ती साधारण 50 ते 500 मीटर खोलीवर, मऊ चिखलाच्या तळावर राहते. पाणी शून्य ते आठ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की तिला मानवतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मेनचं आखात ही त्या बाजूची तिची दक्षिण हद्द. तिथे ती साडेतीन वर्षांच्या सुमारास मादी होते, उत्तरेच्या बर्फाळ पाण्यात त्यालाच पाच-सहा वर्षं लागू शकतात. प्राणी तोच, फक्त पाण्याच्या गारव्यानुसार त्याचं घड्याळ हळू चालतं.

अंड्यांचंही तसंच. आपली टायगर किंवा पांढरी कोळंबी अंडी समुद्रात सोडून मोकळी होते. ही मात्र गोड्या पाण्यातल्या निळ्या नांग्यांच्या कोळंबीसारखी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते, आणि तेही कित्येक महिने. पाणी जितकं गार तितके जास्त महिने. उन्हाळा सरताना अंडी धरली की पिल्लं बाहेर पडतात ती वसंतात, जेव्हा पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो आणि खायला भरपूर असतं. वेगवेगळ्या भागांतल्या कोळंब्यांची ही वेळ तिथल्या बहराशी जुळते, हे 2009 साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं होतं. पण ही वेळ साधते ती तळाच्या पाण्याच्या तापमानावर. तळ तापला की अंडी लवकर फुटणार, बहर मात्र त्याच्या वेळेनेच येणार. मेनच्या आखातात 2012 साली पाणी विलक्षण तापलं, कोळंबीचा साठा कोसळला आणि 2014च्या हंगामापासून तिथली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली.

ही कोळंबी मला भेटली ती जेवणात नव्हे. मी महापे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये काम करतो, आणि आमच्या फ्रीजरमध्ये तिचं एक एन्झाइम असतं: श्रिंप अल्कलाइन फॉस्फटेझ. डीएनएच्या टोकांवरचे फॉस्फेट काढायला ते वापरतात. काम झाल्यावर एन्झाइम बंद पाडावं लागतं, नाहीतर पुढची पायरी बिघडते. वासराच्या आतड्यातून मिळणारं याच कामाचं एन्झाइम उष्णतेला सहज दाद देत नाही. कोळंबीचं मात्र 65 अंशांना थोड्याच वेळात बंद पडतं. थंडीत काम करायला घडलेली प्रथिनं बहुधा अशीच सैल बांध्याची असतात. (हल्ली ते यीस्टमध्येही तयार करतात, त्यासाठी कोळंब्या सोलायची गरज उरलेली नाही.)

रंगाचा संबंध मात्र खोलीशी आहे. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो. खाली उरतो निळसर उजेड, आणि त्यात लाल अंग काळं दिसतं. कॉड माशासारख्या शिकाऱ्यांपासून लपायला ते बरंच. दिवसा ही तळाशी असते, रात्री प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खायला वर येते. लाल रंगद्रव्य अॅस्टाझँथिन आपल्या कोळंबीतही असतं, पण ते प्रथिनाला बांधलेलं असल्याने करडं-निळसर दिसतं. शिजवलं की प्रथिन मोडतं आणि लाली सुटते.

खाडीत का नाही, हे आता लक्षात आलं असेल. ऐरोली-वाशीची खाडी उथळ आणि कोमट, भरती-ओहोटीने खारटपणा सतत बदलणारा. आपल्या कित्येक कोळंब्यांची पिल्लं मुद्दाम अशा तिवरांत वाढायला येतात, ही आयुष्यभर समुद्रातच राहते. अरबी समुद्रातही खोल पाण्यातल्या लाल कोळंब्या आहेत, उदाहरणार्थ अॅरिस्टिअस अल्कॉकी, पण त्या वेगळ्या जाती. त्यांची मासेमारी चालते केरळात, कोल्लमच्या बाजूला. मुंबईसमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, त्यापलीकडे जाऊन जाळं टाकणं नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळ्यांच्या होड्यांना परवडणार नाही.

शेततळ्याचा विचार सोडा. शेततळ्यांत वाढवतात ती व्हेनामी कोळंबी आपल्या उष्ण पाण्यात तीन-चार महिन्यांत विक्रीला येते. हिला पाणी बारा महिने गार ठेवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, तेही जेमतेम बोटभर लांबीच्या जिवासाठी.

आणि पाकीट उघडण्याआधी त्यावर 'शिजवलेली' असं लिहिलंय का बघा. ही कोळंबी बरेचदा बोटीवरच उकळून गोठवतात. तशी असेल तर कालवणात पुन्हा उकळू नका, चिवट होईल. गॅस बंद केल्यावर घाला.