दिवसा काम आणि रात्री गेमिंग, दोन्हीसाठी एकच लॅपटॉप घ्यायचा आहे. नेमकं काय बघून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर कोडिंग, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग आणि रात्री तास-दोन तास गेम. दोन मॉडेल शॉर्टलिस्ट केली आहेत, एक सडपातळ आणि एक जाडजूड. दोन्हींत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे गेमिंग सारखंच होणार, मग सडपातळच घ्यावा ना, असा तुमचा प्रश्न.

सारखं होईलच असं नाही. मी स्वतः याच समजुतीत एकदा फसलो आहे. लॅपटॉप पातळ, देखणा, खोक्यावर ग्राफिक्स कार्डाचं नाव भारी. गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं झकास चालायचा, मग पंखे बोंबलायला लागायचे आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरायचा. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की त्या मॉडेलमध्ये कार्डाला वीजच कमी दिली होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गोम अशी आहे की एनव्हिडिया लॅपटॉपसाठीची ४०६० ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधायची मुभा देते. किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि ते ठरतं आतल्या कूलिंगवर. पातळ अंगात उष्णता बाहेर काढायला जागा कमी, म्हणून वॉट कमी, म्हणून चिपचा वेग कमी. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे एकच नाव. नीट वीज मिळालेलं त्याखालचं ४०५० अर्धपोटी ४०६० च्या बरोबरीला येऊ शकतं. त्यामुळे स्पेसिफिकेशनच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ असा कार्डाच्या कमाल वॉटचा आकडा असतो, तो आधी शोधा. ४०६० साठी ९०-१०० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. त्यापुढे या चिपला वीज वाढवून फारसा फरक पडत नाही. आकडा दिलाच नसेल, तर मी ते मॉडेल सोडून देतो.

याच कारणासाठी यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डाचे व्हिडिओ बघून अंदाज बांधू नका. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी, आणि आतली चिपही वेगळी. लॅपटॉपमध्ये ४०६० आणि ४०७० दोन्ही ८ जीबीवरच थांबतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला पटत नाही. ६ जीबीवाल्या ४०५० बद्दल मात्र विचार करा: नव्या गेममध्ये टेक्श्चरचा (पृष्ठभागांवरच्या बारीक तपशिलाचा) दर्जा वाढवला की व्हीरॅम भरतो आणि मग गेम अडखळायला लागतो. वीज कितीही दिली तरी त्यावर इलाज नाही.

आणि हो, तुमचे गेम म्हणजे व्हॅलोरंटसारखे हलके असतील, तर गेमिंग लॅपटॉपची गरजच नाही. एएमडीच्या काही रायझन प्रोसेसरमधलं रेडिऑन ७८०एम हे आतलंच ग्राफिक्स तेवढं सहज पेलतं. सायबरपंक २०७७ सारखं काही खेळायचं असेल तरच हा सगळा खटाटोप.

पैसे कुठे घालायचे याचा माझा हिशोब सोपा आहे. जे नंतर बदलता येत नाही त्यावर खर्च करायचा. ग्राफिक्स कार्ड बोर्डावर कायमचं डकवलेलं असतं, कूलिंग बदलत नाही, स्क्रीन बदलणं परवडत नाही. एसएसडी आणि बहुतेक जाडजूड मॉडेलमधली रॅम मात्र नंतर वाढवता येते. फक्त रॅम सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची जोडलेली) नाही ना, हे विचारून घ्या. पातळ मॉडेलमध्ये ती बऱ्याचदा सोल्डर केलेली असते. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर आणखी एक घालून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील. काही गेममध्ये एवढ्यानेच फ्रेमरेट जाणवण्याइतका सुधारतो.

प्रोसेसरवर फार डोकं खपवू नका, पण नावाला भुलूही नका. रायझन ७५२०यू ऐकायला नवा वाटतो, आत झेन २ ही जुनी रचना आहे. ७००० मालिकेत तिसरा अंक रचना सांगतो: ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४.

स्क्रीनवर मात्र थांबा, कारण दिवसाचे आठ तास तुम्ही तिच्याकडेच बघणार आहात. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये १४४ हर्ट्झ (चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं) असं मोठ्या अक्षरात लिहितात आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ हे, म्हणजे स्क्रीन किती कमी रंग दाखवते ते, लपवतात. त्या स्क्रीनवर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. त्यावर व्हिडिओचे रंग जुळवलेत तर दुसऱ्या स्क्रीनवर बघून डोक्याला हात लावाल. तुम्ही एडिटिंग करता, तेव्हा १०० टक्के एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगकक्षा) हवंच. रिझोल्यूशनचं म्हणाल तर २५६० बाय १६०० मध्ये फुल एचडीच्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात. कोड वाचायला ते छान, पण कार्डावर भार तेवढाच वाढतो. डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणारी एनव्हिडियाची सोय) चालू केलं की निभावतं.

मक्स स्विच आहे का तेही बघा. तो असला की गेमचं चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा वळसा न घेता थेट कार्डाकडून स्क्रीनवर जातं.

बॅटरीवर गेम खेळायचा विचार सोडून द्या. चार्जर काढला की कार्डाची वीज आपोआप बरीच कमी केली जाते. पण कामासाठी यूएसबी-सी वरून चार्जिंग होतं का हे जरूर विचारा. ते असेल तर विटेएवढा मूळ चार्जर घरी ठेवून १०० वॉटचा छोटा चार्जर बॅगेत टाकता येतो. जाड लॅपटॉप रोज वागवायचा असेल तर पाठीला हा फरक चांगलाच जाणवतो.

तुमच्या दोघांपैकी मी जाडजूडच घेईन, त्याची स्क्रीन वरच्या कसोटीला उतरत असेल तर. आणि जो घ्याल तो परत करायची मुदत संपायच्या आत तुमचा सगळ्यात जड गेम सलग अर्धा तास चालवून बघा, फ्रेमरेट आणि कार्डाचे वॉट स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत ठेवून. पाचव्या मिनिटाचा आकडा आणि तिसाव्या मिनिटाचा आकडा यांत मोठी दरी असेल, तर खोकं अजून फेकलं नसेल अशी आशा करतो.