गोव्याला सुट्टीत समुद्रकिनारी सहज पक्षी बघायचे असतील तर कुठे, कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तर गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर जा. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. ओहोटीला शापोरा नदीच्या मुखाशी वाळू उघडी पडते आणि तिथे कुरव (गल), सुरय (टर्न) हे पक्षी थव्याने बसतात. पाण्याच्या कडेने लगबगीने पळणारे छोटे चिखले (प्लोव्हर पक्षी) हिमालयाच्या पलीकडून आलेले असतात. कृपा करून फोटोसाठी थव्यात शिरू नका. इतक्या प्रवासानंतर त्यांना खाणं आणि विसावा हवा असतो, उगाच उडावं लागलं की ती ताकद वाया जाते. पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार तर माडांवरही दिसेल. एक सकाळ मोकळी असेल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, सलीम अली अभयारण्यातली खारफुटी बघा. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची दुर्बीण पुरते.