सही कोणाची घ्यायची?

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गटाला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने आणि उतारावर पाणी मुरवायचं काम करायचं आहे, त्यासाठी काढलेला नकाशा आणि जमीनमालकांची यादी पोचली. नकाशा छान काढला आहेस, सड्याखालचे, म्हणजे जांभ्याच्या पठाराखालचे, झरसुद्धा सुटलेले नाहीत. यादीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे तू एकेक नाव घातलं आहेस आणि विचारलं आहेस की या सगळ्यांच्या सह्या पावसाआधी कशा मिळवायच्या. आपल्या सत्तरी तालुक्यात जमिनीला एकच नाव असणं दुर्मीळच.

एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढलास की कब्जेदाराचा रकाना वाचून थांबू नकोस. कुळाचा रकाना बघ, इतर हक्कांचा बघ. ज्या भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव वर आहे तो कधीच वारला असेल. वारसांपैकी एक पणजीत, एक मुंबईत, एक पोर्तुगालात, आणि वाटणी झालेलीच नाही. जमीन कसतो कूळ, मालकाच्या जमिनीत घर बांधून राहतो तो मुंडकार. आल्वाराच्या, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारने सनदेवर दिलेल्या, जमिनीत तर आजोबांनी काजू लावला, नातू आज बोंडं गोळा करतो, पण मालकीचा पक्का कागद त्याच्या हातात नाही. शिवाय आपल्याकडच्या नागरी कायद्याने लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची होते. म्हणून ओसरीवरच्या पुरुषाशी बोलून परत फिरू नकोस. आत जा, त्या बाईशीही बोल. कोणती विहीर कधी आटते हे बहुधा तिलाच नेमकं ठाऊक असतं.

कोणी नाही म्हटलं तर त्याला पाण्याची पर्वा नाही असा अर्थ काढू नकोस. नकाराच्या मुळाशी भीती असते आणि तिला कारण असतं. गोव्यात १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाराला मालकीचा हक्क दिला. तेव्हापासून भाटकाराला धास्ती की कोणाला जमिनीत काही करू दिलं तर उद्या तो हक्क सांगेल. कुळाला धास्ती की भाटकाराच्या परवानगीचा कागद केला तर आपलाच दावा लंगडा पडेल. दोघांचंही खरं आहे.

तिसरी भीती तुझ्यासारख्या झाडं लावायला निघालेल्या मुलांना सहसा कळत नाही. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात खासगी वनं ठरवायची मोजमापं आली: ७५ टक्के झाडं रानातली, झाडांच्या छत्राची दाटी ०.४ (म्हणजे ४० टक्के जमीन झाकणारी) किंवा जास्त, सरकारी वनाला लागून नसेल तर किमान ५ हेक्टर क्षेत्र. आपल्या जमिनीवर असा शिक्का बसला की हातपाय बांधले जातात, हे मालकाने शेजाऱ्याच्या बाबतीत पाहिलेलं असतं. त्याच्यापुढे रानझाडांच्या रोपांची गाडी उभी केलीस तर तो दार लावून घेईल. काय लावायचं ते त्यालाच ठरवू दे. भिरंड (कोकम), फणस, बांबू, काजूच हवा असेल तर काजू. उताराला मुळं धरून ठेवणारं काहीतरी उभं राहिलं की आपलं काम झालं.

म्हणून सहीचा कागद एका पानाचा कर, साध्या मराठीत. या कामामुळे कोणाचाही जमिनीवरचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही. झाडं आणि उत्पन्न ज्याचं आहे त्याचंच. मुदत एक वर्ष. नको वाटलं तर गट स्वखर्चाने जमीन पूर्ववत करून देईल. हा मसुदा वाळपईतल्या एखाद्या वकिलाला दाखव. मग त्यावर भाटकाराची सही घे आणि कुळाचीही घे, एकाच कागदावर. दोघं एकत्र बसायला तयार नसतील तर ती जमीन यंदा सोडून दे, शेजारच्या जमिनीत काम सुरू कर.

आता कामाबद्दल. तू नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघून आलीस, तिथल्या उतारावर आडव्या खणलेल्या समतल चरांनी भारावून गेलीस. ते गाव थोरच आहे. पण तिकडे वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे ३००० च्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आपल्या तीव्र उतारावर चर खणून पाणी साठवलं तर जुलैत दरड खाली यायची. आपला जांभा पाणी मुरवतोच. त्याला फक्त सडा उघडा, विनाखोदाईचा आणि उतार झाकलेला हवा. काजूच्या हंगामाआधी बेणणी, म्हणजे झाडाखालची साफसफाई, करून पाचोळा जाळतात, तिथे लक्ष घाल. बोंडं वेचायला झाडाखालची जागा स्वच्छ लागते, हे मान्य कर. पण दोन ओळींमधला पाचोळा आडव्या पट्ट्यांत राहू द्या, आग लावू नका, एवढंच माग. पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ आहे.

गटाची खरी परीक्षा वसंत बंधाऱ्यावर, म्हणजे व्हाळात दरवर्षी फळ्या घालून पाणी अडवायच्या बंधाऱ्यावर, होते. पाऊस ओसरला की फळ्यांच्या दोन रांगा खाचांत उतरवायच्या, मधल्या पोकळीत चिकण माती थरांनी घालून पायाने तुडवायची. माती कोरडी पडली की फटींतून पाणी सुटतं, म्हणून ती भिजवून, मळून घालावी लागते. हे काम जाणत्या माणसाच्या हाताखालीच कर. पण घालण्यापेक्षा काढणं कठीण. मे संपायच्या आत फळ्या निघाल्या नाहीत तर पहिल्या पुराचं पाणी बाजूने वाट काढतं आणि काठचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, कापून नेतं. सुपारीची पोसलेली झाडं अशी गेली की तो मालक गटाला पुन्हा उभं करत नाही. फळ्या कोण काढणार, कोणत्या तारखेला, कुठे ठेवणार, हे नोव्हेंबरातच नावानिशी वहीत लिही.

पाणी अडलं की भांडण येणारच. वरच्या कुळागराचा पंप चालू झाला की खालच्या वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी पिकाचं, भात सुकतं. ते मिटवायला बाहेरचा माणूस आणू नकोस. वरचे आणि खालचे शेतकरी एकत्र बसवून पंपाचे दिवस ठरवून घे. खाली नदीकाठच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत, काय होतं तेही एकदा जाऊन बघ. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजावरच्या, मासळीचा लिलाव होतो, त्यातून बांधांना पैसा मिळू शकतो. पण मासळी जास्त मिळावी म्हणून लिलावदाराने खारं पाणी जास्त वेळ आत घेतलं की शेतंच खारावतात. गटाला उत्पन्नाचं साधन जोडायचं तुझ्या मनात आहे, तेव्हा हे आधी समजून घे. पैसा ज्याच्या हाती, दरवाजा त्याच्या हाती राहता कामा नये.

बैठक देवळाच्या मंडपात ठेवू नकोस, शाळेच्या ओट्यावर ठेव. सड्यावर गुरं चारणारे धनगर तुझ्या यादीत नाहीत, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही. पण व्हाळ सुरू होतो तिथे रोज वावरतात तेच. त्यांना बोलव आणि आधी बोलू दे.

म्हादई नदीच्या पाण्याच्या लढ्याबद्दल लिहिलं आहेस, ते मला पटतं. पाणीवाटप लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्याची जखम मलाही आहे. त्या लढ्यात तू जरूर राहा, मोर्चालाही जा. फक्त गटाचा फलक तिथे नेऊ नकोस. व्हाळाच्या दोन्ही काठांवर सगळ्या पक्षांची माणसं आहेत, आणि फळ्या काढायला तीच लागणार आहेत.

चतुर्थी आटोपली की कुळाच्या रकान्यासकट नवी यादी घेऊन ये. वर ज्या तीन जमिनींवर तू लाल खूण केली आहेस, त्यांच्या भाटकारांपैकी एकाला मी ओळखतो. त्याच्याकडे आपण दोघं जाऊ.

तुझा,
काका