चिनी मैत्रिणीला हिपॅटायटिस बी आहे, नवऱ्याला माहीत नाही. तिला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की शांघायमधली तुमची सहकारी लग्नाला दोन वर्षं झाली तरी गोळ्या लपवून घेते आणि विचारलं की "इथे सगळ्याच लपवतात" म्हणते. सगळ्या नसतील, पण बऱ्याच लपवतात. मी शांघायजवळच्या सूझोऊ शहरात सहा वर्षं योग शिकवत होते. वर्ग संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या बायकांकडून हे कळलं.

हिपॅटायटिस बीला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात, तिकडे 'यीगान'. १९९२च्या पाहणीत तिथे जवळजवळ दर दहा माणसांत एकाच्या रक्तात हा विषाणू सापडला होता. लस त्याच सुमारास आली, पण पैसे मोजून. पूर्ण मोफत झाली २००५मध्ये. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या कितीतरी मुलींना तो जन्मताना आईकडूनच आलेला आहे. तरी सासरी पहिला संशय चारित्र्यावर!

माझी एक विद्यार्थिनी गोळ्या क जीवनसत्त्वाच्या बाटलीत ठेवायची. २०१८च्या सरकारी घाऊक खरेदीनंतर यीगानच्या औषधाची गोळी एका युआनच्याही आत आली, म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हताच. प्रश्न जेवणाच्या टेबलाचा होता. तिथे मधल्या ताटल्यांतून सगळे आपापल्या काड्यांनी घेतात. नववर्षाला सासरी गेली की ही वाढायच्या वेगळ्या काड्यांचा, 'गोंगख्वाय'चा, हट्ट धरायची. सासूबाई दुखावायच्या, "आम्ही काय घाणेरडे आहोत?" आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा विषाणू एका ताटात जेवल्याने पसरतच नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात पसरतो. हे तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं.

म्हणून माझ्या मते मैत्रिणीने नवऱ्याला सांगावं, आणि लवकर. सासूचं नंतर बघता येईल. नवऱ्याची एक रक्ततपासणी करायची. संरक्षण नसेल तर लसीचे तीन डोस, विषय संपला. शिवाय दिवस गेले की तिथे यीगानची तपासणी होतेच, मग गुपित राहणं कठीण. बाळासाठी मात्र डॉक्टरांना आधीच माहीत हवं: जन्मल्यावर काही तासांत लस आणि सोबत प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर शेवटच्या तिमाहीत औषधही.

तिला बहुधा कायद्याचीही धास्ती असेल. २०२१च्या नागरी संहितेप्रमाणे गंभीर आजार लग्नाआधी लपवला तर जोडीदार ते कळल्यापासून वर्षभरात लग्न रद्द करायला न्यायालयात जाऊ शकतो. पण 'गंभीर' म्हणजे कोणते, याची यादी त्या कलमात नाही. विवाहपूर्व तपासणीच्या कायद्यात एड्स, परमा, उपदंश आणि कुष्ठरोग नावानिशी आहेत, यीगान नाही. तरी तिथल्या वकिलाला एकदा विचारू दे.

माझ्या विद्यार्थिनीचं गरोदरपणात उघड झालं. नवरा चिडला तो आजारावर नव्हे, बाटलीवर: "तीन वर्षं मी तुला ही जीवनसत्त्वं आणून द्यायचो!" त्याला लहानपणी लस मिळाली होती, तपासणीत संरक्षण पुरेसं निघालं. मुलगीही नीट आहे. आता गोळ्या स्वतःच्याच डबीत असतात. फक्त नववर्षाला गावी जाताना ती डबी नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत जाते. सासूबाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.